मुर्डी ते केंब्रिज : रँग्लर परांजपे यांचे चरित्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा अनेक नावे आमच्या मनात येऊन गेली. महाराष्ट्रात थोरांची वाण नाही. परंतु केवळ थोरवी गाण्यापेक्षा, भनपुरीसारख्या कारखान्यांच्या आणि कामगारांच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, त्या प्रश्नाला ज्याचे आयुष्य थेट जाऊन भिडते असा पुरुष निवडावा, असे आम्हांस वाटले.

तो प्रश्न असा. साध्या सरकारी शाळेत शिकलेले, घरी पुस्तकांचे कपाट नसलेले, इंग्रजी अडखळत बोलणारे मूल गुणांच्या जोरावर एखाद्या जुन्या, नामांकित आणि सधनांच्या मुलांनी भरलेल्या विद्यापीठात जाऊन पोहोचले, तर ते तेथे रुळेल काय? की दोन वर्षांत खचून परत येईल? आपल्या मंडळाच्या बैठका आटोपल्यावर पालकांत हीच चर्चा चालते. मुलगी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते, दूरच्या मोठ्या संस्थेत तिला प्रवेश मिळतो आणि मग घरातील वडीलधारी मंडळीच कचरतात. तिथली मुले निराळी, आपले कसे निभावणार, असे म्हणतात. या शंकेला उपदेशाने उत्तर देता येत नाही. एखाद्या आयुष्याने मात्र देता येते. म्हणून आम्ही रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे चरित्र निवडले आहे. रँग्लर परांजपे या नावाने ते महाराष्ट्रास परिचित आहेत; किंबहुना रँग्लर ही पदवी त्यांच्या नावाचाच एक भाग होऊन बसली.

कोकणातील शाळा

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुर्डी या लहानशा गावी झाला. अंजर्ल्याच्या खाडीजवळचे हे गाव. नारळी-पोफळीच्या बागा, भाताची खाचरे आणि वर कड्यावरचा गणपती, असा हा परिसर. निसर्गाने दिलेले वैभव पुष्कळ. पण पोटापुरते पिकले म्हणजे भाग्य मानावे, अशी तेथील बहुतेक घरांची स्थिती. कोकणातील कितीतरी बुद्धिमान मुले त्या काळी हर्णै बंदरातून आगबोटीने मुंबईस जात आणि मिळेल ते काम पत्करीत. शिक्षणासाठी जाणाऱ्याला तर आधी कोणाच्या तरी घराचा आसरा शोधावा लागे.

रघुनाथरावांचे आरंभीचे शिक्षण मुर्डी-अंजर्ले परिसरातील मराठी शाळेत व पुढे दापोलीस झाले. राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी त्या काळी देशात निराळ्या शाळा निघाल्या होत्या. आपल्या रायपूरचे राजकुमार कॉलेज हे त्यांपैकीच एक. १८८२ साली ते जबलपुरास सुरू झाले आणि १८९४ साली रायपुरास आले. छत्तीसगड आणि आसपासच्या संस्थानिकांची व जमीनदारांची मुले तेथे घोडदौड, क्रिकेट, इंग्रजी संभाषण आणि शिष्टाचार यांचे शिक्षण घेत. अशाच एका संस्थेतून, म्हणजे राजकोटच्या राजकुमार कॉलेजातून, रणजितसिंह केंब्रिजला गेले आणि १८९३ साली विद्यापीठाच्या क्रिकेट संघात झळकले. मुर्डीच्या मुलाजवळ यांतील काहीच नव्हते. पाटी, परवचा आणि मास्तरांची छडी एवढीच त्याची सामग्री.

मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परांजप्यांचे घर श्रीमंत नव्हते, पण अक्षराशी त्या घराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते होते. मुलाने शिकावे ही अपेक्षा तेथे जन्मापासूनच गृहीत होती. याच काळात, याच महाराष्ट्रात, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना शाळेत वेगळे बसावे लागे आणि पुष्कळांना तर शाळेची पायरीही चढता येत नसे. तेव्हा मुर्डीच्या शाळेतून केंब्रिजला जाणे कठीण होते. परंतु मुर्डीच्या शाळेत जाणे हेच ज्यांना अशक्य होते, त्यांची वाट याहूनही बिकट होती. ही जाणीव ठेवूनच पुढील चरित्र वाचावे.

कर्व्यांचे छत्र

रघुनाथरावांच्या आयुष्याला वळण लागले ते त्यांचे आतेभाऊ धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. पुढे महर्षी म्हणून जगास वंदनीय झालेले अण्णासाहेब कर्वे तेव्हा मुंबईत शिकवण्या करून संसार चालवीत होते. अण्णासाहेबांना स्वतःच्या शिक्षणात जे भोगावे लागले ते सर्वश्रुत आहे. १८७५ साली एका सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून डोंगर-घाट तुडवीत पायी साताऱ्यास गेले. तेथे परीक्षेच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि मुलगा वयाने फारच लहान दिसतो, असे म्हणून त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही. सतरा वर्षांच्या मुलाची कित्येक मैलांची पायपीट अशी केवळ दिसण्यावरून वाया गेली.

ज्याला एकदा दारातून परत फिरविले गेले, त्यानेच पुढे आपल्या धाकट्या भावासाठी घराचे दार उघडले. अण्णासाहेबांनी रघुनाथाला मुंबईस आपल्या बिऱ्हाडी आणले आणि मराठा हायस्कुलात घातले. १८९१ साली रघुनाथ मॅट्रिक झाला. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या अध्यापकाची जागा मोकळी झाली होती. गोपाळराव गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णासाहेब त्याच वर्षी पुण्यास गेले आणि रघुनाथही शिक्षणासाठी फर्ग्युसनमध्ये आला.

कर्व्यांच्या घरात रघुनाथाने गणिताखेरीज आणखीही एक धडा घेतला. १८९३ साली अण्णासाहेबांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांत परके होणे म्हणजे काय, हे त्या तरुणाने अगदी जवळून पाहिले. त्याच्या थोडेच आधी पुण्यात पंचहौद मिशनमधील चहापानाचे प्रकरण गाजले होते. एक पेला चहा घेतल्याबद्दल रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. तेव्हा मोठ्या संस्थेत गावचा मुलगा सामावेल का, या प्रश्नाबरोबर, नव्या विचाराचा माणूस गावात सामावेल का, हाही प्रश्न त्या पिढीपुढे होता. पालक पहिला प्रश्न नेहमी विचारतात. दुसरा मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत रघुनाथराव पहिले आले. त्यानंतर हिंदुस्थान सरकारची उच्च शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि १८९६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

त्या विद्यापीठाची रीत

आपल्याकडे कॉलेज म्हणजे जेथे दहा ते पाच तास होतात ती इमारत. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोन जुन्या विद्यापीठांची रचना अशी नाही. तेथे परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम. पण विद्यार्थी राहतो, जेवतो, वाढतो तो कॉलेजात. प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे उत्पन्न, स्वतःचे प्रार्थनामंदिर, स्वतःचे भोजनगृह, स्वतःचे ग्रंथालय आणि स्वतःचे नियम. सेंट जॉन्सची स्थापना १५११ सालची, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माआधी सव्वाशे वर्षे होण्यास थोडीच कमी. सायंकाळी काळा झगा घालून भोजनगृहात जावयाचे, लॅटिन प्रार्थना झाल्यावर लांबलचक मेजांवर ओळीने बसावयाचे, रात्री फाटक बंद होण्याआधी आत यावयाचे, असा तेथला शिरस्ता. कॉलेज हे एका अर्थी एकत्र कुटुंबच. आणि एकत्र कुटुंबात नव्या माणसाची परीक्षा तो काय शिकला आहे यापेक्षा तो कसा बसतो, कसा जेवतो, कसा बोलतो यावरून आधी होते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

या कुटुंबात सहज वावरणारी मुले कोणती? तर ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा शाळांतून आलेली. इंग्लंडमध्ये या शाळांना पब्लिक स्कूल म्हणतात, पण त्या सार्वजनिक मुळीच नाहीत. भरमसाट शुल्क घेणाऱ्या त्या खासगी शाळा आहेत. तेथला मुलगा केंब्रिजला येताना मित्र, खेळ, उच्चार आणि आत्मविश्वास सारे बरोबर घेऊन येतो. पुढे १९०७ साली जवाहरलाल नेहरू हॅरोहून ट्रिनिटी कॉलेजात गेले ते अशाच वाटेने. रघुनाथरावांच्या वेळी ट्रिनिटीत असलेले, पुढे महान गणिती म्हणून गाजलेले हार्डी हेही विंचेस्टरचे विद्यार्थी होते.

तरीही ही संस्था गरिबांना अगदीच अनोळखी होती असे मात्र नाही. जुन्या काळी तेथे सायझर नावाचा विद्यार्थीवर्ग असे. श्रीमंत विद्यार्थ्यांची किरकोळ कामे करावयाची, पंगतीत वाढावयाचे आणि त्या बदल्यात शुल्कात सूट व जेवण मिळवावयाचे, ही त्यांची रीत. न्यूटन १६६१ साली ट्रिनिटीत आला तो याच वर्गातून. आणि सेंट जॉन्समध्ये वर्ड्‌स्वर्थ हा कवीही सायझर म्हणूनच दाखल झाला होता. पुण्यातील वार लावून जेवणारा विद्यार्थी आणि केंब्रिजचा हा सायझर यांत फारसे अंतर नाही. पुढे सायझरांची सेवेची कामे बंद झाली आणि तिची जागा शिष्यवृत्त्यांनी घेतली. धर्माचा अडसरही दूर झाला होता. १८७१ सालच्या कायद्याने इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा अनुयायी नसलेल्यालाही तेथील पदव्या आणि कॉलेजचे फेलोपद खुले झाले. हा कायदा झाला नसता, तर मुर्डीच्या हिंदू मुलाला पुढे जो मान मिळाला तो कितीही बुद्धी असूनही मिळता ना.

१८९९

रघुनाथराव केंब्रिजला गेले तो काळ पुण्याच्या तरुणाला सोयीचा नव्हता. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्या बंदोबस्तात लोकांवर जुलूम झाला आणि जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडचा वध केला. लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. गोखले त्या वेळी विलायतेतच होते. प्लेगच्या बंदोबस्तातील अत्याचारांविषयी त्यांनी तेथे केलेल्या विधानांबद्दल परत आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. पुण्याचे ब्राह्मण म्हणजे राजद्रोही, असे इंग्लंडमधील वृत्तपत्रे लिहू लागली होती. अशा दिवसांत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून आलेला एक चित्पावन विद्यार्थी झगा घालून सेंट जॉन्सच्या मेजावर बसत होता आणि रात्री गणिते सोडवीत होता.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. तिच्यात पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर आणि त्यांतील पहिला तो सीनियर रँग्लर. उत्तीर्ण झालेल्यांत सर्वांत शेवटी येणाऱ्याला मुले गंमतीने लाकडी चमचा देत. हे सर्व क्रम सेनेट हाउसमध्ये जाहीर वाचून दाखविले जात आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या देशातील वर्तमानपत्रांत छापून येत. ही परीक्षा किती दुस्तर होती याची कल्पना यावरून यावी, की विख्यात शास्त्रज्ञ केल्विन आणि मॅक्सवेल या दोघांनाही आपापल्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. आणि वर उल्लेखिलेले हार्डी १८९८ साली चौथे आले होते. हिंदी विद्यार्थ्यांपैकी आनंदमोहन बोस १८७४ साली पहिले रँग्लर झाले. पण पहिला क्रमांक कोणाही हिंदी विद्यार्थ्याला तोवर मिळाला नव्हता.

जून १८९९ मध्ये निकाल लागला. सेंट जॉन्सचे परांजपे आणि पेम्ब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल हे दोघे बरोबरीने सीनियर रँग्लर ठरले. हिंदुस्थानात आनंदाची लाट उसळली. परदास्याच्या त्या काळात बुद्धीच्या मैदानावर, राज्यकर्त्यांच्या घरात, त्यांच्याच नियमांनी एक हिंदी तरुण पहिला आला होता. हिंदी माणसाची बुद्धी पाठांतरापुरतीच, असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले.

या यशाचे मर्म कोणते? आमच्या मते, रघुनाथराव केंब्रिजमध्ये टिकले याचे पहिले कारण त्यांची बुद्धी. पण दुसरे, आणि तितकेच महत्त्वाचे कारण असे, की त्या परीक्षेचे माप उघडे होते. उत्तरपत्रिकेवर गणित सुटले की नाही एवढेच पाहिले जाई. लिहिणाऱ्याचा उच्चार, वस्त्र, घराणे, वर्ण यांचा तेथे शिरकाव नव्हता. साताऱ्यास अण्णासाहेबांची पारख चेहरा पाहून झाली. केंब्रिजला त्यांच्या भावाची पारख कागद पाहून झाली. सामान्य घरातील मूल मोठ्या संस्थेत उभे राहते ते अशा ठिकाणी, जेथे काय तपासले जाणार हे त्याला आधी ठाऊक असते. मेजावरचे काटे-चमचे, झग्याचे बंद, बोलण्यातील आर्जव या गोष्टी वर्षभरात अंगवळणी पडतात. परंतु माप गुप्त असेल, मुलाखतीच्या नावाखाली घराणेच तोलले जात असेल, तर कितीही हुशार मूल बाहेरच राहते. आमच्या केंद्र सरकारच्या नोकरीतही आम्ही हेच पाहत आलो. डोंगरावरील महागड्या शाळांतून आलेले आणि खेड्यातल्या शाळांतून आलेले अधिकारी प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात लांबून ओळखू येत. तिसऱ्या वर्षी त्यांची ओळख केवळ कामावरून होई.

अर्थात सर्वांनाच ते वातावरण मानवले असे म्हणता येणार नाही. कुंभकोणमच्या शाळेतून शिकलेले रामानुजन १९१४ साली ट्रिनिटीत गेले. त्यांची प्रतिभा लोकोत्तर. १९१८ साली ते त्या कॉलेजचे फेलोही झाले. पण महायुद्धाचा काळ, कडाक्याची थंडी, शाकाहारी जेवणाचे हाल आणि एकाकीपणा यांनी त्यांची प्रकृती ढासळली. १९१९ साली ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी वारले. संस्था मान देते, पण मायेने जेवू घालणे तिच्या हातून घडतेच असे नाही. मुलाला दूर पाठविताना पालकांनी गुणपत्रिकेबरोबर या गोष्टीचाही विचार अवश्य करावा.

परत फिरलेली वाट

सीनियर रँग्लर झालेल्या तरुणापुढे त्या काळी कोणते दार बंद होते? सनदी नोकरीची परीक्षा देऊन मोठ्या पगाराचे पद मिळविणे त्यांना अवघड नव्हते. १९०१ साली सेंट जॉन्सने त्यांना फेलो निवडले. पॅरिस आणि गॉटिंगेन येथेही त्यांनी गणिताचा अभ्यास केला. परंतु विलायतेस जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आपली सेवा देऊ केली होती. या संस्थेच्या आजीव सभासदांचा बाणा असा, की जेमतेम उदरनिर्वाहापुरते वेतन घेऊन वीस वर्षे शिकवावयाचे. गोखल्यांनी दरमहा ७५ रुपयांवर आपली सारी उमेद तेथे वेचली आणि तीस रुपयांचे निवृत्तिवेतन घेतले. रघुनाथराव तेच व्रत घेऊन परत आले आणि १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढली सुमारे दोन दशके त्यांनी ते पद सांभाळले.

प्राचार्य म्हणून ते शिस्तीचे भोक्ते होते आणि ही शिस्त कधी कधी लोकभावनेच्या आड येई. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर या आपल्या विद्यार्थ्याला त्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. लोकमान्यांच्या पक्षाने त्यांच्यावर कडक टीका केली. रघुनाथराव गोखल्यांच्या नेमस्त पक्षाचे होते आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. ते नेमस्त होते म्हणून त्यांची विद्वत्ता उणी ठरत नाही आणि विद्वान होते म्हणून त्यांचा प्रत्येक निर्णय योग्य ठरत नाही. चरित्र लिहिताना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

त्यांच्या जीवनातील आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा भाग मात्र केंब्रिजमधला नव्हे. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांत काही खाती हिंदी मंत्र्यांकडे आली आणि १९२१ साली रघुनाथराव मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. प्राथमिक शाळांचा कारभार या कायद्याने स्थानिक संस्थांकडे दिला आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची वाट मोकळी केली. पैशाअभावी ही सक्ती पुढे कित्येक वर्षे ठिकठिकाणी कागदावरच राहिली, हे खरे. तरीही मुर्डीच्या शाळेतून निघालेला मुलगा केंब्रिजचा सर्वोच्च मान घेऊन परतला आणि त्याचे लक्ष गेले ते पुन्हा गावोगावच्या मुर्डीच्या शाळेकडेच, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. मोठ्या विद्यापीठात कोण जाणार, हे पुष्कळसे पहिलीच्या वर्गातच ठरून जाते, याची जाण त्यांच्याइतकी कोणाला असणार?

पुढचा जीवनपट थोडक्यात सांगतो. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९२७ ते १९३२ या काळात ते लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासद होते. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४२ साली सर हा किताब. १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. आणि वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, १९५६ ते १९५९, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. धर्माच्या बाबतीत ते कट्टर बुद्धिवादी होते. गोखले आणि कर्वे या दोन्ही गुरुजनांची चरित्रे त्यांनी इंग्रजीत लिहिली. १९६१ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनीही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणिताचे शिक्षण घेतले. त्या प्राचार्यांच्या घरात वाढलेल्या; वडिलांना जे नवे होते ते त्यांना परके नव्हते. पण त्यांच्या वाटेत निराळाच अडसर होता. स्त्रियांना तेथे ट्रायपॉसला बसता येई, परंतु विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व मिळत नसे. १८९० साली फिलिपा फॉसेट ही विद्यार्थिनी सीनियर रँग्लरच्याही वर ठरली होती, तरी पदवीचा अधिकार स्त्रियांना मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. म्हणजे माप उघडे असले तरी दार उघडे असतेच असे नाही. शकुंतलाबाईंनी पुढे कुटुंबनियोजनाच्या कार्यात आयुष्य घातले. त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या आणि १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या कन्या.

आपल्यापुरता विचार

रँग्लरांचा क्रम जाहीर वाचण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली. ही परीक्षा स्मरणशक्तीची आणि चपळाईची शर्यत होऊन बसली आहे, अशी तक्रार खुद्द हार्डींसारख्यांचीच होती. पहिल्या वर्गातल्यांना रँग्लर म्हणण्याची रीत मात्र टिकली आणि मुर्डीच्या मुलाने मळलेली पायवाट पुढे मराठी मुलांनी ओस पडू दिली नाही. फर्ग्युसनचेच पुढील प्राचार्य गणेश सखाराम महाजनी हे रँग्लर झाले. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर रँग्लर होऊन काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक झाले आणि त्यांचे चिरंजीव जयंतराव, काशीतच शाळा-कॉलेज शिकून, १९५९ साली सीनियर रँग्लर झाले. ही घटना आपणांस विशेष जवळची वाटावी. महाराष्ट्राबाहेर, हिंदी भाषेच्या प्रदेशात वाढलेला हा मराठी मुलगा. पितापुत्र दोघेही केंब्रिजच्या फिट्झविल्यम हाउसचे विद्यार्थी. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नाही अशांनाही विद्यापीठात शिकता यावे, म्हणून १८६९ साली जी व्यवस्था सुरू झाली, तिच्यातून ही संस्था वाढली. १९६६ साली ती पूर्ण कॉलेज झाली. जयंतराव २०२५ साली निवर्तले.

इंग्लंडातील हा वाद आजही मिटलेला नाही. त्या देशातील साधारण सात टक्के मुलेच खासगी शाळांत शिकतात, तरी त्या दोन जुन्या विद्यापीठांतील त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा राहिला आहे. आपल्या देशातही चित्र फार निराळे नाही. तेव्हा एकटे रँग्लर परांजपे पहिले आले, म्हणजे प्रश्न सुटला, असे म्हणून चालणार नाही. त्यांच्या चरित्रात नीट पाहिले, तर त्यांच्या मागे उभी असलेली माणसे दिसतात. गावात मराठी शाळा होती. मुंबईस भावाचे बिऱ्हाड होते. पुण्यास कमी वेतनावर जीव ओतून शिकविणारे अध्यापक होते. विलायतेसाठी शिष्यवृत्ती होती. फेलोपदाचे दार खुले करणारा कायदा होता. यांतील एक दुवा निखळला असता, तर मुर्डीचा रघुनाथ बुद्धी असूनही मुर्डीतच राहिला असता. आणि अशी किती मुले राहिली, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

म्हणून भनपुरीतील पालकांना आमचे सांगणे एवढेच, की मूल तेथे रुळेल का, या शंकेने त्याला अडवू नये. रुळणे ही वर्ष-दोन वर्षांची बाब आहे. त्याऐवजी त्याला लागणारे दुवे आपल्याजवळ आहेत की नाहीत, ते तपासावे. आणि जे एकट्या कुटुंबाला जमत नाही, ते मंडळाने करावे. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव, नाटके आणि हळदीकुंकू नेटाने चालविली. यापुढे बाहेरगावी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींची एक यादी मंडळाच्या कार्यालयात असावी. ज्या शहरात ती जातील तेथील एखाद्या मराठी घराचा पत्ता त्यांच्या हाती द्यावा. पहिल्या वर्षाच्या शुल्कापुरता एक लहानसा निधी उभारावा. आणि जी मुले शिकून मार्गी लागतील त्यांनी सुटीत येऊन धाकट्यांना तास-दोन तास शिकवावे. अण्णासाहेब कर्व्यांनी मुंबईतील आपल्या तोकड्या जागेत एका मुलासाठी अंथरूण घातले, तेव्हा त्यांच्यापाशीही याहून अधिक काही नव्हते.